उपरण्याखालचे हात

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात आधी वास येतो, मग बाजार दिसतो. शेळ्यांचा उग्र वास, लेंड्या, ओल्या लोकरीचा वास, बाभळीच्या पाल्याचा हिरवट वास आणि त्यात मधेच तळलेल्या मिरचीचा ठसका. रिक्षातून उतरलो आणि नाक आपोआप मागे गेले, पन्नास वर्षे. हा वास मी बाजारात क्वचितच घेतला होता. मला तो माहीत होता दुसऱ्याच्या केसांतून. माझा चुलतभाऊ बिरू गुरुवारी संध्याकाळी घरी येई तेव्हा त्याच्या डोक्याला हा वास असे, कारण तो दिवसभर माझ्या वडिलांच्या खांद्यावर बसून बाजार हिंडलेला असे. आम्ही एका गोधडीत झोपायचो. त्याला झोप लागली की मी त्याच्या केसांजवळ नाक नेऊन वडिलांना हुंगायचो.

वडिलांना सगळे नाना म्हणत. आम्हीही. बाजारात ते शेळ्यामेंढ्यांचे दलाल होते. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभे राहायचे आणि दोघांनाही आपण जिंकलो असे वाटेल असा सौदा घडवायचा, हे त्यांचे काम. आमच्या मागच्या पिढ्या वैजापूरच्या अलीकडच्या माळावर मेंढरे घेऊन हिंडल्या. नाना तरुणपणी शहरात आले आणि पडेगावच्या रस्त्याला घर बांधून राहिले. पण चाल तीच राहिली, मेंढरांच्या मागे चालणाऱ्याची. लांब ढांगा आणि मधेच थांबून मागे वळून पाहणे. मागे कोणी राहिले तर नाही ना, म्हणून.

बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. नाना खांद्यावरचे उपरणे काढून समोरच्याच्या हातावर टाकत, आपलाही हात त्याखाली घालत आणि मग बोटांचे बोलणे सुरू होई. एक बोट धरले की एक, मूठ दाबली की पाच, आणि बाकी बरेच काही, जे मी कधी शिकलो नाही. वर चेहरे कोरे. कोणी पानाची पिंक टाकतो आहे, कोणी आभाळाकडे बघतो आहे, आणि खाली पांढऱ्या कापडात दोन हात धडपडताहेत, पिशवीत कोंबडे धरल्यासारखे. भोवती उभ्या असलेल्यांना काहीच कळत नसे. ज्यांचे हात आत, त्यांनाच ठाऊक. मला वाटते, माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मत्सराचे चित्र तेच आहे. हलणारे कापड, आणि मी बाहेर.

नानांइतका गमत्या माणूस आमच्या साऱ्या भावकीत नव्हता. लग्नात ते वरपक्षाच्या म्हाताऱ्यांना नाचायला लावत. आजारी माणसाला भेटायला गेले की आजारी माणूस हसून हसून दमे आणि त्याची बायको नानांच्या पाया पडून त्यांना घालवून देई. चंपाषष्ठीला आम्ही शहरालगतच्या साताऱ्याच्या खंडोबाला जायचो. नाना भंडारा असा उधळत की आमच्या मागे चालणारे अनोळखी लोकही पिवळे होऊन घरी जात. बिरू त्यांच्या खांद्यावर असे. मी आईच्या पदराला धरून चाले. माझ्याही अंगावर भंडारा पडे, पण खाली पडता पडता जो उरेल तो. बिरूच्या कानामागे तो आठवडाभर राही. आई त्याला घासून न्हाऊ घालू लागली की तो ओरडे, आणि मला वाटे, काय नशीब आहे, धुतला तरी जात नाही.

बिरूचे वडील, म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, तो अगदी लहान असताना गेले. कसे, ते आमच्या घरात कोणी बोलत नसे. त्याची आई माहेरी राहिली आणि तो आमच्याकडे आला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. हाडाने काटक, आवाजाने मोठा, अभ्यासात ठार ढ.

आमच्यात एक रीत होती. घरात वडीलधारी असताना बापाने स्वतःच्या पोराला उचलून घ्यायचे नाही. लाड करायचे ते भावाच्या पोरांचे, बहिणीच्या पोरांचे. आपल्या पोराकडे बघून हसणेसुद्धा थोडे निर्लज्जपणाचे समजत. माझे आजोबा ओसरीवर घोंगडी टाकून बसलेले असत आणि त्यांच्या देखत नाना माझ्याशी सरळ बोलतही नसत. मी समोर जेवत बसलेलो असे आणि ते आईला म्हणत, "त्याला इचार, भाकर पायजे का." आई मला विचारी. मी आईला सांगे. आई नानांना सांगे. तीन हातांच्या अंतरात माझी भूक अशी फेरी मारून येई. आणि त्याच वेळी बिरू त्यांच्या ताटातला वशाटाचा, मटणाचा तुकडा उचलून पळे आणि नाना "धरा रे त्या लांडग्याला!" म्हणून अख्खे घर डोक्यावर घेत.

आजोबा गेले तेव्हा मी हायस्कुलात होतो. आता उचलून घेण्याचे वय राहिले नव्हते. बोलायचे कसे, हे दोघांनाही येत नव्हते.

पण मला सांगायचे आहे ते संध्याकाळच्या बाजाराचे. गुरुवारी दिवस कलला की नाना घरी येत. हातात फुटाण्यांचा आणि गोडीशेवेचा पुडा, मागे बिरू, आणि त्यांच्या मागे बऱ्याचदा कादरचाचा. चाचा खाटकांसाठी माल घेत. बाजारात दोघे एकमेकांना शिव्या घालत आणि अंगणात बसून एका बशीत चहा पीत. अंगणात लिंबाखाली बाज टाकलेली असे. आत्याची पोरे, शेजारची पोरे जमत. नाना दम खात, आणि मग बिरूच्या मानेला धरून त्याला मधे उभा करत.

"बोला चाचा, हे बोकड द्यायचंय."

चाचा चष्मा वर करून बघत. "दाँत दिखाओ जी पहले."

नाना बिरूचा जबडा उघडून दाखवत. "दोन दाती हाय. रोग नाय, राई नाय. कुठं बी बांधा, दावं तोडून येतंय."

"खाता कित्ता?"

"खायचं नाव काढू नका. पण उड्या बघा की!" आणि बिरू उड्या मारी, डोक्याने चाचांच्या पोटात ढुशी देई. पोरे लोळत. मग नाना उपरणे टाकत. दोन हात खाली जात. सगळे एकदम गप्प. कापड हले. चाचा डोळे वटारत, मान हलवत, हात ओढल्यासारखे करत. नाना आभाळाकडे बघत. शेवटी सौदा ठरे, बिरू चाचांच्या खांद्यावर जाई आणि चाचा त्याला फाटकापर्यंत नेऊन परत आणून आपटत. "ले लो वापस, ये तो मेरी दाढ़ी खा गया!"

मग आत्याची यमी विकली जाई. मग शेजारचा पोपट. एकेक करून सारे. प्रत्येकाचे दात बघितले जात, प्रत्येकाची खोड सांगितली जाई, प्रत्येकाचा कापडाखाली काहीतरी भाव ठरे, आणि तो भाव त्या पोराला कधीच कळत नसे. त्यावर त्यांच्यात आठवडाभर भांडणे चालत. माझा जास्त, तुझा कमी.

माझा नव्हताच.

मी बाजेच्या खुराशी उभा असे. एकदा, मला पक्के आठवते, यमीचा सौदा संपला आणि मी आपणहून दोन पावले पुढे गेलो आणि ओठ वर करून दात दाखवले. नानांनी माझ्याकडे पाहिले, मग ओसरीवर बसलेल्या आजोबांकडे, आणि मग माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "जा, आत सांग, चहा टाकायला."

मी आत जाऊन आईला चहा टाकायला सांगितले आणि चुलीपाशी बसून रडलो. आईने धुराने डोळे पुसत विचारले, काय झालं. मी सांगितले, मला विकत नाहीत.

"येडं हायस का रं तू," आई म्हणाली. "आपलं लेकरू कुणी बाजारात उभं करतंय व्हय?"

"मग बिरूला?"

आईने चहात जरा जास्त गूळ टाकला.

आईचे म्हणणे मला पुढे कळले. पुस्तकांत तर अशा रीतींवर पानेच्या पाने असतात, दृष्ट लागण्याच्या भीतीवर, मायेने आपले तोंड झाकून घेण्यावर. मी ती वाचली, काही वर्षे मुलांना शिकवलीही. पण कळल्याने मत्सर जात नाही. फार तर तो जरा सभ्य होतो, चष्मा लावून बसतो. मला बिरूचा हेवा वाटे, यमीचा वाटे. कान फाटलेल्या एका पाठीचा, शेळीच्या लहान पिलाचा वाटे, तिला नाना बाजारात नेताना वाटेवर आपल्या बंडीत गुंडाळून घेत. उन्हाळ्यात अंगणात झोपल्यावर नाना बिरूला मेंढरांना हाकायच्या आरोळ्या शिकवत. एक आरोळी जवळ या म्हणून, एक पाणी आले म्हणून, एक लांडगा आला म्हणून. मी शेजारी पडून ऐके. सगळ्या आरोळ्या मला येतात. मी त्या आजवर कोणासमोर काढलेल्या नाहीत.

माझ्या वाट्याला आले ते असे. पहिला नंबर आला की नाना आईला विचारत, "त्याला काही घ्यायचंय का?" दुसऱ्या दिवशी माझ्या दप्तरावर नवे पुस्तक ठेवलेले असे, क्रांती चौकातल्या दुकानाच्या कागदी पिशवीत. कोणते घ्यावे हे त्यांना कळत नसे. एकदा त्यांनी चुकून आधी घेतलेलेच पुन्हा आणले. मी दोन्ही जपून ठेवली. पण पुस्तक खांद्यावर घेऊन हिंडत नाही कोणाला.

नाना गेल्या श्रावणात गेले. तेराव्याला मांडवात जे हसणे झाले, तसे मी कुठल्या लग्नातही ऐकलेले नाही. प्रत्येकाकडे नानांची एक गोष्ट होती. यमीची होती, व्याह्यांची होती, दूधवाल्याची होती, ज्याला मी ओळखतही नव्हतो अशा फर्दापूरच्या एका हॉटेलवाल्याची होती. लोक सांगत, हसत, हसता हसता रडत आणि मग माझ्याकडे वळत. मी त्यांचा मुलगा. माझ्याकडे तर सगळ्यात जास्त असणार. "सर, तुम्ही सांगा ना एखादी." मी पाणी वाढायला उठलो.

आणि मुख्य ती गोष्ट, जी मला पाच महिने झोपू देत नव्हती. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत नानांची वाचा गेली होती. डावी बाजू गेली होती. उजवा हात तेवढा चाले. मी रोज कॉलेज सुटले की जाऊन स्टुलावर बसे. ते छताकडे बघत, मी पेपर वाचे. कधी पाणी पाजे, कधी उशी सरकवी. आमची जन्मभराची बैठक तशीच चालू होती, फक्त मधे बोलणारी आई आता नव्हती. एका गुरुवारी बिरू बाजारातून थेट आला. त्याच्या अंगाच्या वासाने खोलीतली नर्स नाक मुरडून बाहेर गेली. त्याने नानांच्या उशाशी घडी घालून ठेवलेले उपरणे उचलले, त्यांच्या उजव्या हातावर टाकले आणि आपला हात आत घातला.

आणि नानांचा चेहरा जागा झाला. अर्धाच, पण जागा झाला. कापड हलायला लागले. बिरूने मान हलवली, नाही म्हणाला, हात ओढला, पुन्हा दिला. बराच वेळ चालले. शेवटी नानांच्या अर्ध्या तोंडावर हसू आले आणि बिरूने डोळे पुसले. मी पेपर खाली केलेला नव्हता. कडेवरून बघत होतो. विचारायचे होते, आणि विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गेले.

माझ्या बापाचे शेवटचे बोलणे. आणि ते माझ्या पुढ्यात, एका कापडाखाली, दुसऱ्याच्या हातात झाले.

म्हणून या गुरुवारी मी बिरूला फोन केला आणि म्हणालो, बाजारात येतो. तो आता नानांच्या जागेवर उभा राहतो. तो म्हणाला, "ये की. जुने बूट घालून ये."

नानांची जागा म्हणजे भिंतीलगतचे एक लिंबाचे झाड. त्याच्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत कादरचाचा बसले होते. आता ते काही घेत नाहीत, विकत नाहीत. नातू सकाळी आणून बसवतो. डोळ्यांत सारा दुधाळपणा. बिरूने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तसे त्यांनी त्याचा हात धरला, चाचपला, आणि भोवतीच्या तरुण व्यापाऱ्यांना ओरडून सांगितले, "देखो रे, नाना का बेटा आया! नाना का बेटा!" पोरांनी आदराने माना हलवल्या. त्यांना हे रोजचेच असावे. मग चाचांना माझी चाहूल लागली. त्यांनी मान वर केली. "ये साहब कौन? मुन्शिपालटी के क्या?"

"चाचा," बिरू म्हणाला, "बेटा तो ये है. मैं भतीजा. किती बार बोला तुमको."

चाचांनी मला जवळ ओढून माझ्या तोंडावरून हात फिरवला. चष्मा लागला, मिशा लागल्या. मग त्यांचा अंगठा माझ्या ओठावर थांबला.

"अच्छा. वो दाँत दिखानेवाला."

पन्नास वर्षे मी समजत होतो की ते कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

बिरू मला चहाच्या गाड्यावर घेऊन गेला. बाजार उठत आला होता. टेम्पोत बोकडे चढवत होते, एक शेळी चढत नव्हती आणि तिचा मालक तिला आईवरून शिव्या देत होता. बिरूने चहात खारी बुडवली. त्याचे केस आता पांढरे आहेत, वास तोच आहे.

"तू कशाला आलास ते कळलंय मला," तो म्हणाला. "पण आधी एक सांगतो. हसू नको."

"नाही हसणार."

"तू कवा हसतो म्हणा." त्याने खारीचा तुकडा तोंडात टाकला. "मला दर बेस्तरवारी इकायचे नाना. तुला गंमत वाटायची. मला पैल्यापैल्यांदा लई भ्या वाटायचं. चाचा फाटकापतूर न्यायचे ना, तवा मी मागं बघायचो. म्हणलं, आपला बाप नाय, खरंच देऊन टाकतेत का काय. मग सवय झाली. मग म्हणलं, उड्या मारायच्या, लोकं हसली की परत आणतेत." त्याने चहाचा घोट घेतला. "तुला नाय कवा उभं केलं. तू आपला बाजंपाशी उभा, पायात चपला, भांग पाडलेला. मला वाटायचं, ह्याला इकायचंच नाय. ह्यो घरचा."

मला दया यायला हवी होती. थोडी आलीही असेल. पण खरे सांगायचे तर आधी आला तो राग. इतक्या वर्षांत माझे म्हणून जे एकच होते, तो हेवा, तोही या माणसाकडे होता, आणि बहुधा माझ्याहून चांगल्या कारणासाठी होता. तिथेही तो माझ्या पुढे गेला होता.

"दवाखान्यात," मी म्हणालो. "त्या दिवशी. उपरण्याखाली काय म्हणाले ते?"

"म्हणायचं काय? सौदा केला."

"कशाचा?"

"तुझा."

टेम्पोत शेळी एकदाची चढली. कोणीतरी फळी आपटली.

"त्यांनी डोळ्यांनी दावलं तुझ्याकडं," बिरू म्हणाला. "तू पेपरात होतास. मला आधी कळंना. मग मूठ दाबली, तवा कळलं. म्हातारा इकायला काढतोय."

"कुणाला?"

"मलाच की. दुसरं कोण होतं तिथं, ती नर्स? आणि लई चिवट. खाली यायलाच तयार नाय. मी मनात म्हणलं, नाना, माल जुना हाय, चष्मा हाय, बोलत नाय, हसत नाय, कशाला एवढा भाव धरून बसलाव? पण नाय म्हणजे नाय. शेवटी घेतला बाबा. लई महाग पडलास मला तू."

हे सांगताना त्याचा चेहरा अगदी कोरा होता. बाजारात म्हातारी शेळी दुसऱ्या वेताची म्हणून खपवताना नानांचा असे, तसा. नाना त्या चेहऱ्याने खरेही बोलत आणि खोटेही, आणि ओळखण्याची सोय नसे. बिरूलाही ती विद्या पुरती आलेली आहे. मी त्याच्या डोळ्यांत शोधले. तिथे पाणी होते, पण पाण्याने काही सिद्ध होत नाही. तिखट मिरचीचा धूर गाड्याभोवती फिरतच होता.

"कितीला?" मी विचारले.

"भाव तोंडानं सांगत नसतेत."

त्याने खांद्यावरचे उपरणे काढले. बाकड्यावर ठेवलेल्या माझ्या हातावर टाकले. मी हात मागे घेतला नाही. त्याचा हात आत आला, खरखरीत, गरम, आणि माझी बोटे त्याने एकेक करून धरली. काही सोडली, काही दाबली, मूठ वळवली, मनगटाला अंगठा लावला. वर तो आभाळाकडे बघत होता. मला त्यातले काही म्हणजे काही कळले नाही. कापडाच्या आत मात्र ऊब होती, आणि अंधार होता, आणि बाहेर उभ्या असलेल्या एका पोऱ्याने वळून आमच्या हातांकडे बघितले, तसे कोणी बघावे म्हणून मी सारा जन्म घालवला होता.

बिरूची बोटे थांबली. तो माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"कमी आहे," मी म्हणालो.

त्याने झटकन माझ्याकडे बघितले. मी आभाळाकडे बघत होतो. क्षणभर कापड अगदी निपचित पडून राहिले. मग त्याच्या घशातून हसू फुटले, आणि त्याची बोटे पुन्हा हलू लागली.